दळण कुठे टाकायचं?

माझ्या मावसबहिणीला घर घ्यायचं होतं आणि दोन जागा पसंतीला उतरल्या होत्या. एक नारायण पेठेत, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दुसरी हडपसरच्या बाजूला, नियोजित वसाहतीत, जिथून मॉल चालत दहा मिनिटांवर. पैसे साधारण सारखेच लागणार होते, फक्त हडपसरकडच्या घरात एक खोली जास्त होती. "ताई, तू पेठेत वाढलीस आणि नोकरी तिकडे केलीस. तूच सांग," असं म्हणून तिने दोन्ही नकाशे माझ्यासमोर ठेवले. मावशी शेजारी बसून शेंगा सोलत होती. वय चौऱ्याहत्तर. ती लेकीकडेच राहणार होती. तिने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "तिकडे दळण कुठे टाकायचं?"

त्या वेळी तो प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. नंतर कळलं की दोन वस्त्यांमधला खरा फरक त्याच प्रश्नात होता.

आपण बोलताना एक गृहीत धरतो. जुनं गाव आपोआप वाढलं आणि नवी वसाहत कुणीतरी आखून बांधली, असं. पुण्याच्या पेठांपुरतं तरी हे खरं नाही. 'पेठ' या शब्दाचा अर्थच बाजार. कसबा हे मूळ गाव. त्याच्याभोवती एकेक पेठ वसवली गेली ती ठरवून. सरकारातून कौल मिळायचा, शेटे-महाजन नेमले जायचे, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी येऊन राहावं म्हणून सुरुवातीच्या वर्षांत करात सूट असायची. आजच्या रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर, शनिवार पेठेचं मुर्तझाबाद. बाजीराव पेशव्यांनी 1730 मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि पुणं राज्यकारभाराचं ठिकाण झालं, तसा हा पेठा वसवण्याचा वेग वाढला. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून गावातल्या हौदांत सोडलं गेलं. रस्ते, पाणी, बाजार, देऊळ, वसाहतीला प्रोत्साहन म्हणून करमाफी. आजचा कुठलाही नगररचनाकार याला नियोजित वसाहतच म्हणेल.

पुढे इंग्रजी अमदानीत हेच पुन्हा घडलं. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत दगडी इमारत बांधून तो तिथे हलवला. 1886 च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेले लांबलचक पंख, म्हणजे कुठूनही आत शिरा, गाळ्यांच्या रांगा दिसणारच. या बाजारावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर जावा ही त्यांची भूमिका होती. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. मला या इमारतीबद्दल आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका छपराखाली, आखलेल्या गाळ्यांत, नेमून दिलेल्या मालासाठी बांधलेला बाजार म्हणजे त्या काळचं शॉपिंग कॉम्प्लेक्सच. आज मात्र मंडईला कुणी कॉम्प्लेक्स म्हणत नाही. ती 'गाव' झाली आहे.

ती गाव कशी झाली? तिच्याभोवती जे उगवलं त्यामुळे. इमारतीबाहेरच्या पायऱ्यांवर, फुटपाथवर, बोळात विक्रेते बसले. त्यांच्यामुळे फुलवाले आले, चहावाले आले, वजनकाटे दुरुस्त करणारे आले. पलीकडे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे यांनी 1761 मध्ये राममंदिराचं काम सुरू केलं आणि आता त्या देवळाच्या आवारात आणि भोवताली बांगड्या, पूजेचं साहित्य, भांडी, भातुकलीचे संच विकणारी दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. हे कुणा एका माणसाने ठरवलेलं नाही. इथल्या मिळकतींचे मालक शेकडो. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या जिन्याखालची जागा मिळते. नव्याने धंदा करणाऱ्याला शिरकाव करायला फट सापडते.

आळ्यांचंही तेच. भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी, बांबूकाम करणाऱ्यांची बुरूड आळी, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. एकाच मालाची पन्नास दुकानं शेजारी-शेजारी का बसतात, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. गिऱ्हाईकाला भाव पडताळता येतो, हे एक कारण झालं. दुसरं कारण दुकानात उभं राहिल्यावर दिसतं. मागच्या वर्षी तपकीर गल्लीत मी एका जुन्या पंख्याचा सुटा भाग शोधत होते. दुकानदाराने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "आपल्याकडे नाही. थांबा." पोऱ्याला हाक मारली, दोन दुकानं पलीकडे पाठवलं. पोऱ्या पाच मिनिटांत कागदात गुंडाळलेला भाग घेऊन आला. दुकानदाराने त्यावर आपला थोडा नफा लावला आणि संध्याकाळी शेजाऱ्याचा हिशेब चुकता केला असेल. म्हणजे प्रत्येकाचं दुकान आठ फुटी, पण माल सगळ्या गल्लीचा. छोट्या भांडवलावर मोठं दुकान चालवण्याची ही जुनी युक्ती आहे, आणि ती शेजार असल्याशिवाय चालत नाही.

मॉलचा हिशेब पूर्ण वेगळा. इमारत एका मालकाची किंवा एका कंपनीची. गाळे बहुतेक भाड्यानेच दिलेले. दोन्ही टोकांना मोठी दुकानं ठेवायची, त्यांना भाड्यात सवलत द्यायची, कारण माणसं त्यांच्यासाठी येतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना माणूस ज्या लहान दुकानांवरून जातो, त्यांच्याकडून चढं भाडं घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी करारच असा असतो की ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला टक्का, यांत जे जास्त असेल ते द्या. शिवाय वातानुकूलन, सफाई, सुरक्षा यांचा खर्च वेगळा. कुठल्या मजल्यावर काय विकलं जाईल हे मालक ठरवतो. एका अर्थी हे शिस्तीचं आहे. पण ज्या धंद्यात फार नफा नाही आणि ज्याचा थोडा आवाज होतो, थोडी धूळ उडते, त्याला या हिशेबात जागाच नाही.

आता मावशीच्या गिरणीकडे येते.

नारायण पेठेतली जी गिरणी माझ्या ओळखीची आहे ती एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जेमतेम दहा बाय बाराच्या जागेत. दारात डब्यांची रांग, प्रत्येक डब्यात नावाची चिठ्ठी. आधी गहू, मग ज्वारी, बाजरी. डाळीचं पीठ वेगळ्या जात्यावर. गिरणीवाले काका पिठाच्या कापडी बाहीखाली तळहात धरतात, चिमूट अंगठ्याने चोळून बघतात आणि गिरणीची मूठ थोडी आवळतात. भाजणी नेली की विचारतात, "थालिपिठाची की चकलीची?" कारण थालिपिठाची किंचित जाडसर हवी आणि चकलीची बारीक. किलोमागे मिळणार काही रुपये. अशा धंद्याला मॉलचं भाडं कसं परवडेल? तो टिकतो तो जुन्या, साध्या, कमी भाड्याच्या जागेत. अमेरिकेत जेन जेकब्स या लेखिकेने 1961 मध्ये शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात हेच कारण दिलं होतं. वस्तीत सगळ्याच इमारती नव्या असतील तर फक्त नव्या इमारतीचं भाडं देऊ शकणारे धंदेच तिथे राहतात. वेगवेगळ्या वयाच्या इमारती एकत्र असाव्यात, म्हणजे दुरुस्तीवाला, शिंपी, होतकरू दुकानदार यांनाही ठाव मिळतो. तिच्यासमोर न्यूयॉर्क होतं, पण तिचं म्हणणं मला समजलं ते दळणाचा डबा घेऊन रांगेत उभी असताना.

याचा अर्थ पेठेतल्या जुन्या इमारती सुखात आहेत असा मुळीच नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं. मुंबई भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. त्यात प्रमाणभूत भाडं बांधलं गेलं ते 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं राहिला. वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं कित्येक ठिकाणी दोन आकड्यांतच अडकलं. मालकाने दुरुस्ती कशातून करायची? भाडेकरूने दुसऱ्याच्या मिळकतीवर पैसे का घालायचे? मधल्या मधे तुळ्या कुजल्या, भिंतींना पावसाचं पाणी लागलं. 1999 चा नवा कायदा आला, वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली, पण तोवर बऱ्याच वाड्यांची वेळ निघून गेली होती. पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. ओसरी, चौक, माजघर, दिंडी दरवाजा हे शब्द माझ्या मुलीला चित्रात दाखवावे लागतात.

पुनर्बांधणीही सोपी नाही. चिंचोळे, खोल भूखंड, अरुंद रस्ते, एका वाड्यावर पंचवीस वारस आणि तितकेच भाडेकरू. शिवाय शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. 2010 च्या कायद्याने हे नियम कडक झाले. स्मारक जपलंच पाहिजे. पण त्या शंभर मीटरांत राहणाऱ्या माणसाचं घर मोडकळीला आलं तर त्याने काय करावं, याचं उत्तर मला अजून कुणी समाधानकारक दिलेलं नाही.

आता दुसरा नकाशा, हडपसरकडच्या मगरपट्टा वसाहतीचा. तो मी मनापासून आदराने बघते, कारण मगरपट्ट्याची गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. शहर वाढत आलं की शेतकरी जमीन विकतो, पैसे संपतात आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तो रखवालदार होतो, हे आपण किती ठिकाणी पाहिलं आहे. हडपसरजवळच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी तसं होऊ दिलं नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग, असा हिशेब ठेवला. 2000 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. घरं, संगणक कंपन्यांची कार्यालयं, शाळा, दवाखाना, बाग, बाजार सगळं एका आराखड्यात आलं. पुढे वेशीवर मॉल आला, शेजारी अमनोरा ही दुसरी मोठी वसाहत उभी राहिली आणि तिचाही मॉल झाला.

बहिणीबरोबर मी ती जागा बघायला गेले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. रुंद फुटपाथ, झाडांची सावली, आठ-नऊ वर्षांची मुलं एकटी सायकली फिरवत होती आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिचा मुलगा आठ वर्षांचा. त्याने एका मुलाची सायकल मागून घेतली आणि तीन फेऱ्या मारल्या. नारायण पेठेत त्याला रस्त्यावर सायकल चालवायला मी देणार नाही, बहीणही देणार नाही. फुटपाथवर दुचाक्या, रस्त्यावर बस, हातगाडी, रिक्षा. विसर्जन मिरवणूक मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे निघते आणि ती संपायला चोवीस तासांहून जास्त लागतात. त्या काळात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर आधी विचार करून ठेवावा लागतो. मला मिरवणूक प्राणप्रिय आहे. पण छातीवर ढोलांचे ठोके बसत असताना अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, तेही मी घरात पाहिलेलं आहे.

दळणाचा प्रश्न तिथल्या एका बाईंना विचारला. बऱ्याच जणींकडे घरघंटी आहे, नाहीतर हडपसर गावठाणात गिरण्या आहेत, असं त्या म्हणाल्या. गावठाण! म्हणजे नियोजित वसाहतही आपल्या लहानसहान गरजांसाठी शेजारच्या जुन्या गावावर टेकलेली असते. चपलेचा तुटलेला अंगठा, कुकरची शिट्टी, ब्लाऊजला हुक, सायकलचं पंक्चर. आराखड्यात या गोष्टींना रंग नसतो.

बंदिस्त मॉलचा जनक मानला जाणारा व्हिक्टर ग्रुएन याची कहाणी इथे आठवते. हा मूळचा व्हिएन्नाचा, 1938 मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत गेला. मिनिआपोलिसजवळ एडिना इथे 1956 मध्ये त्याचं साउथडेल सेंटर उघडलं. मोटारींनी पसरलेल्या उपनगरांना व्हिएन्नासारखा चालत फिरण्याचा मध्य मिळावा, ही त्याची धडपड होती. मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं त्याने कल्पिलं होतं. प्रत्यक्षात मॉल झाला आणि भोवती वाहनतळ पसरले. उतारवयात त्याने या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. मगरपट्ट्यात त्याला हवं होतं त्यातलं पुष्कळ झालं आहे. घराजवळ काम, कामाजवळ शाळा. पण त्याला बाजारातून जे हवं होतं, ते अनोळखी माणसांचं सहज मिसळणं फाटक आणि सुरक्षारक्षक असलेल्या जागी मोजूनमापूनच होतं.

आणि नियोजित बाजारही म्हातारा होतो. चंदीगडचा सेक्टर 17 हा ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातला, वाहनांना मज्जाव असलेला शहराचा मध्यवर्ती बाजार. काही दशकं सारं शहर तिथे संध्याकाळ घालवत असे. 2013 मध्ये औद्योगिक भागात मोठा मॉल आला आणि गर्दी तिकडे वळली. एका मालाची एक आळी ओस पडली तर पेठ दुसऱ्या मालावर उभी राहते. एकाच साच्यात ओतलेल्या जागेला कूस बदलणं जड जातं. म्हणून मॉलच्या आधाराने घर घेणाऱ्याने वीस वर्षांनी तो मॉल नसेल असंही धरून घर बघावं.

बहिणीला मी जे तपासायला सांगितलं ते इथेही सांगते. पेठेतल्या घरासाठी मिळकत पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का, जुन्या भाडेकरूंचा हक्क लेखी मिटला आहे का, भोगवटा पत्र हातात आहे का. नारायण पेठ नदीला लागून आहे, तेव्हा पूररेषा बघायलाच हवी. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे कसे विरघळले, हे मावशीने डोळ्यांनी पाहिलं आहे. अग्निशमनाची गाडी दारापर्यंत येते का, हे रात्री, गाड्या लागलेल्या असताना जाऊन पाहावं. वसाहतीतल्या घरासाठी वेगळे प्रश्न. आतले रस्ते, पाणी आणि सांडपाण्याची यंत्रणा कुणाच्या मालकीची, ती रहिवाशांच्या संस्थेकडे कधी येणार, महिन्याचा देखभाल खर्च कोण ठरवतो आणि तो वाढवताना कुणाला विचारतो. आणि दोन्हीकडे एक संध्याकाळ वाहन न घेता काढावी. दूध, औषध, कोथिंबीर, न्हावी, डॉक्टर, मैत्रीण. यांतलं काय पायी होतं ते मोजावं.

कारण घरात दिवसभर कोण असतं? बहीण आणि भावोजी सकाळी बाहेर पडतात, त्यांच्यासाठी घर म्हणजे रात्र आणि रविवार. दिवस असतो मावशीचा. तिच्याकडे गाडी नाही, मोबाइलवरून मागवणं तिला जमत नाही आणि तिला ते नकोही आहे. डबा घेऊन खाली उतरणं, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलणं, येताना देवळात टेकणं, औषधाच्या दुकानात "कालच्या गोळ्यांनी बरं वाटलं" असं सांगून येणं, यातच तिचा दिवस बांधलेला आहे. त्यातला एकेक धागा काढून घेतला तर ती आजारी पडेल, असं मला खरोखर वाटतं. मुलाची सायकल ही खरी किंमत आहे आणि ती आपण मोजतो आहोत, हेही मी बहिणीला स्पष्ट सांगितलं. त्याच्यासाठी रोज संध्याकाळी कुणीतरी त्याला मैदानावर न्यायला हवं. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईखालून मेट्रो धावू लागल्यापासून स्वारगेट किंवा शिवाजीनगर गाठणं सोपं झालं आहे, तेवढाच दिलासा.

शेवटी त्यांनी नारायण पेठेतलं घर घेतलं. लिफ्टची जागा ठेवलेली आहे, लिफ्ट अजून बसायची आहे, म्हणून बिल्डरकडून तारीख लिहून घेतली. विसाराचा धनादेश देऊन आम्ही खाली उतरलो तर मावशी आमच्यात नव्हती. कोपऱ्यावर गेलो तेव्हा ती गिरणीच्या पायरीवर उभी होती आणि विचारत होती, "दुपारी बंद किती ते किती असता? आणि सोमवारी चालू का?"